सकाळचे मामा, संध्याकाळचे मामा

घरात प्रेशर कुकर लावला की माझे मामा, रघोत्तमराव, अंगणात जाऊन उभे राहत. शिट्ट्या व्हायच्या, मामी कुकर उतरवायची, वाफ जिरायची, आणि मग मामा आत येऊन पानावर बसत. बायको आत कुकरशेजारी, मुलगी बायकोशेजारी आणि घरचा कर्ता पुरुष तुळशीपलीकडे भिंतीला पाठ लावून. ह्यात काही चमत्कारिक आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. मी एकदा विचारलं तेव्हा ते गंभीरपणे म्हणाले, "फुटला तर घरांत एक तरी मोठें माणूस ऱ्हावें कीं."

हे मी मराठीत लिहितो आहे ते थोडं सोयीचंही आहे. तंजावरला राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत बहुतेक घरं मराठी, पण देवनागरी वाचता येणारी माणसं शोधावी लागतील. मराठीत बोलायचं, तमिळमध्ये लिहायचं आणि अर्ज इंग्रजीत करायचा, ही आमची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मी बँकेच्या नोकरीसाठी पुण्याला आलो आणि इथं आपल्याच भाषेची बाराखडी नव्यानं गिरवली. तेव्हा मामांबद्दल मी काय लिहिलं हे गल्लीत कुणाला कळायचं नाही. कळलं तरी मामीखेरीज कुणाला राग येईल असं वाटत नाही.

मामा ओरत्तनाडूच्या तालुका कचेरीत हेडक्लार्क होते. सकाळच्या बसनं जायचे, संध्याकाळच्या बसनं यायचे. बसमध्ये नेहमी मधोमध बसायचे, कारण पुढं टक्कर बसते आणि मागचा माणूस उडतो, असा त्यांचा अभ्यास होता. कालव्याच्या काठानं, भाताच्या शेतांमधून जाणारा तो रस्ता इतका सपाट आणि सुस्त, की त्यावर अपघात करायचा म्हटलं तर ड्रायव्हरला मेहनत घ्यावी लागली असती. डब्यात दहीभात. बाहेरची कॉफी जन्मात घेतली नाही. बिडी-सिगरेट, तपकीर, पान, काही नाही. लोक हे सगळं त्यांच्या कौतुकात सांगत. लाचेचंही तसंच. मामांनी आयुष्यात लाच घेतली नाही, हे खरं आहे. पण लाच घ्यायला थोडं धाडस लागतं, हेही तितकंच खरं आहे.

त्यांच्या टेबलावर कागद आला की तो म्हातारा व्हायचा. एका खेड्यातली बाई नवऱ्याच्या मागं वारसाच्या दाखल्यासाठी त्यांच्याकडे येत होती. कागदात खोट नव्हती, हे मामाच आम्हाला घरी सांगत. "खोट नाही. पण उद्यां कुणी काढली तर? सही कुणाची आहे, माझी." म्हणून ते कागदावर एक शंका लिहून तो वर पाठवायचे, वरून तो खाली यायचा, आणि मामा नवी शंका शोधायचे. मी शाळेत असताना एकदा त्यांच्या कचेरीत गेलो होतो. परत येताना ती बाई बसथांब्यावर समोर आली आणि हात जोडून उभी राहिली. मामांनी छत्री उघडली आणि तिच्या नि स्वतःच्या मध्ये धरली. ऊन नव्हतं, पाऊस नव्हता. हा माणूस मला नकोसा झाला तो त्या दिवसापासून.

घरात त्यांची दोन वाक्यं चालायची. एक, "जें चाललें आहे तें चालूं दे." दुसरं, "पाहूं. अवसरम काय?" अवसरम म्हणजे आमच्याकडे घाई. मामांनी 'नाही' हा शब्द फारसा वापरला नाही, त्यालाही धाडस लागतं. ते 'पाहूं' म्हणायचे आणि मग वाट पाहायचे, मागणारा थकेपर्यंत किंवा मागितलेली गोष्ट नासेपर्यंत. गल्लीतल्या घराघरांत मिक्सर आले, मामी दगडी रगड्यावरच इडलीचं पीठ वाटत राहिली. ती कधी कुरकुरली तर मामा म्हणत, "हात दुखला तर तेल लाव. वीज लागली तर काय लावशील गे?"

ह्या गोष्टी हसून सोडून देता येतात. मामी कशी सोडून देई ते ठाऊक नाही, पण देई. मात्र तिची आई कुंभकोणमला भावाच्या घरी शेवटच्या घटका मोजत होती तेव्हाची गोष्ट हसून सोडण्यासारखी नव्हती. कुंभकोणम म्हणजे तासाभराचा रस्ता. निरोप आला तेव्हा थोडी पावसाची भुरभुर होती. मामांनी आकाशाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "रस्त्यांत पाणी आलें असेल. पाहूं, उजाडूं दे." उजाडलं, तेव्हा म्हणाले, आधी भावाकडून पुन्हा निरोप येऊ दे, उगाच खेप होईल. पुन्हा निरोप आला तो आई गेल्याचा. मामी त्या दिवशी रगड्यापाशी बसून राहिली होती आणि रगड्यात काही नव्हतं. मामा अंगणात येरझारा घालत होते. माझ्या आईला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या बहिणीला ते म्हणाले, "पाहिलेंस? गेली असती तरी काय उपयोग होता?" आई त्यांच्याशी बरेच दिवस बोलली नाही.

पद्मा त्यांची एकुलती मुलगी, माझ्याहून थोडी लहान. हुशार, कमी बोलणारी. तंजावरात कॉम्प्युटर शिकवणारे वर्ग गल्लोगल्ली निघाले तेव्हा ती मामांच्या 'पाहूं'च्या काळातच जाऊन शिकून आली. मामांचा निर्णय होण्याआधी तिचा अभ्यासक्रम संपला होता. मग मद्रासच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. मामांनी ते पत्र दिवसेंदिवस छातीच्या खिशात बाळगलं. होस्टेल कसं आहे, रस्ता कसा आहे, कंपनी बुडाली तर काय, कंपनी चालली आणि मुलगी बिघडली तर काय. मुदत उलटून गेल्यावर त्यांनी ते पत्र पद्माला परत दिलं, आणि मला आठवतं, त्यांचा चेहरा त्या वेळी खरोखर हलका झाला होता. पद्मा मग तंजावरच्याच एका शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवू लागली. तिला स्थळं येत, तीही मामा पाहत राहिले.

मामा निवृत्त झाले आणि साठीला आले. आमच्याकडे साठी म्हणजे दुसरं लग्न. नवऱ्यानं बायकोला पुन्हा मंगळसूत्र बांधायचं, पोराबाळांनी अक्षता टाकायच्या. गाठ बांधायच्या क्षणाला नादस्वरम आणि तविलवाले, म्हणजे आमचे सनई-ढोलवाले, एकदम जोरात वाजवायला लागतात, कारण त्या घटकेला कुणाचा अशुभ शब्द, शिंक, खोकला कानावर पडू नये. गाठ बसेपर्यंत थांबायचं नाही, असा दंडक. एरवी दोन श्वासांत ते आटोपतं.

गल्लीतल्या मठात मांडव घातला होता. भटजींनी खूण केली, तविल कडाडलं, आणि मामांनी मंगळसूत्राची दोन टोकं मामीच्या मानेमागं नेली. मग काही होईना. तविलवाला वाजवतोय, मामांची बोटं मामीच्या मानेमागं आहेत, आणि गाठ नाही. बायकांच्या अक्षता संपल्या. नादस्वरमवाल्याचे गाल फुगून लाल झाले. मामांच्या चेहऱ्यावर रेषसुद्धा हलत नव्हती, पापणीही लवत नव्हती. माझ्या शेजारी मठाचे वृद्ध कारभारी बसले होते, त्यांनी डोळे पुसले. "पाहा. ह्याला म्हणतात स्थितप्रज्ञ. किती सावकाश, किती मन लावून." मागच्या दोन बायकाही रडायला लागल्या. शेवटी मामीनं वेणीतला गजरा सावरायच्या निमित्तानं हात मागं नेला आणि स्वतःच्या गळ्यातली गाठ स्वतःच बांधली. हे फक्त मागं उभ्या असलेल्या माझ्या आईनं पाहिलं. तविल थांबलं, लोक म्हणाले, असं लग्न पाहिलं नाही.

जेवणाच्या पंगतीत मामीचा भाचा व्यंकटेश माझ्यासमोर होता. कुंभकोणमच्या त्याच घरातला मुलगा, मद्रासला मेंदू-मज्जांच्या आजारांचं शिक्षण घेत होता. तो जेवत नव्हता, मामांकडे पाहत होता. "ह्यांचा उजवा हात चालतांना कधींपासून हलत नाही?" त्यानं मला विचारलं. मी म्हटलं, बरीच वर्षं झाली, शिस्तीचं चालणं आहे. "अक्षर लहान झालें आहे?" मी म्हटलं, कागद वाचवतात. "चेहरा?" मी म्हटलं, हा चेहरा आधी कधी हलला होता तर आता थांबला म्हणायचं?

ते होतं पार्किन्सनचं दुखणं. साऱ्या गल्लीला ते वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर दिसत होतं आणि साऱ्या गल्लीनं ते मामांचा थोरपणा म्हणून खात्यात जमा केलं होतं. हात हलेना तर शिस्त. अक्षर बारीक झालं तर काटकसर. आवाज बसला तर सौम्यपणा. चेहरा लाकूड झाला तर वैराग्य. दुसऱ्या कुणाच्या घरात बायकोनं महिन्याभरात ओळखलं असतं की ह्यांचं हसणं कुठं गेलं. मामांच्या घरात हसणं जायला आधी यावं लागलं असतं.

व्यंकटेशनं मद्रासला नेऊन तपासण्या केल्या, गोळ्या सुरू केल्या. घरी येऊन त्यानं मामीला समजावून सांगितलं तेव्हा मीही होतो. मामीनं विचारलं, "कशानें झालें रे? ह्यांनीं तर कधीं कांही वाईट केलें नाही." व्यंकटेश जरा घुटमळला. मग म्हणाला, "आत्या, डॉक्टरांनीं एक पाहून ठेवलें आहे. ज्यांना पुढें हा आजार होतो, त्यांतले बरेच जण आधींपासून असेच असतात. वेळेचे पक्के, फार सावध, सिगरेट नाही, नवें कांही नको. मेंदूंत एक द्रव्य असतें. तें हातपाय हलवतें, आणि माणसाला नव्याची ओढही तेंच लावतें. हात कांपायच्या कितीतरी वर्षें आधींच तें आटायला लागत असेल, असें कांहीजण म्हणतात. नक्की कुणालाच ठाऊक नाही. सावध माणसें जगांत पुष्कळ आहेत, सगळ्यांना कुठें होतो हा आजार?"

मामीनं ह्यातलं अर्धं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती गल्लीत सांगू लागली, "पहिल्यापासून आजारीच होते हो. लग्न झालें तेव्हांपासून. कुणाला कळलें नाही." मिक्सर आणला नाही, तो आजार. पद्माचं पत्र खिशात ठेवलं, तो आजार. एकदा माझ्यासमोर ती म्हणाली, "आईच्या वेळीं मला पाठवलें नाही, तेंही ह्यांच्या हातांत नव्हतें रे सुंदरा. द्रव्य कमी होतें." एवढं बोलून ती अगदी शांत झाली. सगळ्या संसारात पहिल्यांदा तिला नवऱ्याला माफ करायला काहीतरी सापडलं होतं.

मी मात्र माफ केलं नाही. व्यंकटेश जे म्हणाला ते मला पटतं. मामांची भीती, त्यांचं तेच ते, नव्याचा कंटाळा, ह्यात मेंदूतल्या कुठल्या तरी कोरड्या विहिरीचा भाग असेलही. पण माझी आई त्यांचीच बहीण. तीही कुकरला भिते, तीही बाहेरचं खात नाही, वादळाची बातमी आली की चार दिवस आधी मेणबत्त्या आणते. मी पुण्याला निघालो तेव्हा तिला रात्रभर झोप नव्हती, आणि सकाळी तिनं स्वतः डबा बांधून दिला. भिणं एक आणि आपल्या भीतीच्या खुंटीला दुसऱ्याला बांधून ठेवणं वेगळं. पहिलं द्रव्यानं होत असेल. दुसरं करायला माणूस लागतो.

गोळ्यांनी मामा काही वर्षं बरे चालले. पुढं गोळ्यांचा असर लवकर उतरू लागला, तेव्हा व्यंकटेशनं आणखी एक गोळी जोडली. आणि घरात एक नवाच माणूस वावरू लागला.

सकाळची गोळी लागली की मामा खुर्चीतून उठायचे, गुणगुणायचे, पोस्टमनची थट्टा करायचे. बाहेरची कॉफी न घेतलेला हा माणूस पद्माला सांगून तिरुवैयारूहून अशोका हलवा मागवू लागला आणि बोटं चाटून खाऊ लागला. दारावर प्लास्टिकवाला आला की बादल्या घ्यायचे. घरात बादल्यांवर बादल्या झाल्या. एके दिवशी तर मिक्सर घेऊन आले. दुपार टळली, गोळी उतरली, की हाच माणूस खुर्चीत रुतायचा, चेहऱ्याचं दार लागायचं, आणि त्या दाराच्या फटीतून आवाज यायचा, "हें मिक्सर कुणीं आणलें? परत दे." घरात सकाळचे मामा आणि संध्याकाळचे मामा अशी दोन माणसं झाली. हा गोळीचाच खेळ आहे, व्यंकटेशला कळलं तर तो ती कमी करील, हे मामीला बरोबर उमजलं होतं. म्हणून तिनं त्याला सांगितलंच नाही. तिला सकाळचे मामा आवडायचे. इतक्या वर्षांत तिच्याकडे पाहून हसणारं ते पहिलंच माणूस होतं.

खरं सांगायचं तर मला सकाळचे मामाही आवडले नाहीत. त्यांचे विनोद वाईट होते आणि त्यांवर हसावं लागे. आधी ते सगळ्यांना बसवून ठेवायचे, आता सगळ्यांना नाचवायचे. मालकी तीच होती.

अशात पद्माला पुन्हा बोलावणं आलं. मद्रासचं आता चेन्नई झालं होतं, आणि कॉम्प्युटरवाल्या कंपन्यांना माणसं पुरत नव्हती. पहिल्या वेळेला ती लहान होती. आता तिशी ओलांडलेली, लग्न न झालेली, आणि हे शेवटचं बोलावणं हे तिलाही ठाऊक होतं, आम्हालाही. मी तेव्हा रजेवर तंजावरला आलो होतो. मामीनं मला स्वैपाकघरात बोलावून कुजबुजत सांगितलं, "सकाळीं विचारूं या. गोळी लागल्यावर."

सकाळी विचारलं. मामा हलवा खात होते. त्यांनी पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "जा गे जा. चेन्नई काय घेऊन बसलीस, अमेरिकेला जा. मी येतों भेटायला, विमानांत बसून." आणि मोठ्यानं हसले. मामीनं लगेच देवापुढं साखर ठेवली. पद्मा हसली नाही. ती शाळेत गेली, आणि तिनं कंपनीला येते म्हणून कळवून टाकलं.

संध्याकाळी पद्मा घरी आली तेव्हा मामा खुर्चीत होते. मामी उत्साहाच्या भरात म्हणाली, "ऐकलांत का, तिनें कळवलें." बराच वेळ मामांचे ओठ नुसते हलले. मग शब्द आले. "कोण म्हणालें जा?"

"तुम्हीच म्हणालांत सकाळीं," मी म्हटलं.

"तें मी नव्हतों. गोळी बोलली."

मी थक्क झालो. साऱ्या गल्लीत ज्या दुखण्यानं त्यांना माफी मिळवून दिली होती, ते दुखणं मामांनी आता स्वतःच हातात घेतलं होतं. कचेरीतली शंका काढावी तसं. कागदात खोट नाही, पण सही माझी नव्हे. "पाहूं," ते म्हणाले. "अवसरम काय?"

मामीचा बेत तयार होता. तिकीट सकाळचं काढायचं. सकाळचे मामा दारात उभे राहतील, हात हलवतील, चार माणसांदेखत आशीर्वाद देतील, आणि पद्मा बसमध्ये बसेल. संध्याकाळी जे व्हायचं ते मामी सोसणार. "मला सवय आहे गे," ती म्हणाली. मलाही बेत पसंत होता. मामांना फसवायला मला कधीही हरकत नव्हती.

पद्मा म्हणाली, "नको. मी संध्याकाळच्या बसनें जाणार."

"कां गे? तेव्हां ते असे असतात."

"म्हणूनच. आई, सकाळच्या अप्पांनीं हो म्हटलें म्हणून गेलें, तर संध्याकाळचे अप्पा जन्मभर म्हणतील, मी पाठवलें नाही. खरेंच असेल तें. ज्यांनीं मला इतकीं वर्षें अडवलें, त्यांनाच सांगून जायचें आहे मला. ते हो म्हणणार नाहींत, ठाऊक आहे. मला त्यांचें हो नको आहे."

जायच्या दिवशी ऊन कलल्यावर पद्मा तयार झाली. दारात ऑटो उभी होती. मामा खुर्चीत होते, हात मांडीवर, बोटं गोळी वळल्यासारखी आपोआप हलत होती. ती त्यांच्यापुढं वाकली, नमस्कार केला, आणि समोर उभी राहून म्हणाली, "अप्पा, मी चेन्नईला जातें आहें. कामाला."

मामांनी तिच्याकडे पाहिलं. त्या चेहऱ्यावर राग असेल तर दिसत नव्हता, भीती असेल तर दिसत नव्हती. "नको," ते म्हणाले. 'पाहूं' नाही म्हणाले. मी त्यांच्या तोंडून सरळ नकार पहिल्यांदा ऐकला.

"बरें," पद्मा म्हणाली. "तुम्हीं नको म्हणालांत, तें मीं ऐकलें. आतां जातें."

मामी तिथंही म्हणाली, "येतें म्हण गे, असें म्हणूं नये." पद्मा "येतें," म्हणाली, बॅग उचलली आणि बाहेर पडली. मी दुसरी बॅग घेऊन तिच्या मागं निघालो. आम्ही ऑटोपाशी पोचलो, सामान ठेवलं, तोवर आतून खुर्ची करकरली. मामा उठत होते. आपलं आपण उठणं त्यांना त्या वेळी जमायचं नाही, पण उठले. भिंतीला धरत, पाऊल घासत दारापर्यंत आले, आणि उंबऱ्यावर थांबले.

थांबले म्हणजे अडकले. ह्या दुखण्यात तसं होतं. मोकळ्या जागेत माणूस कसाबसा चालतो, आणि दार आलं, उंबरा आला, की पाय जमिनीला चिकटतात. अंग पुढं झुकतं, टाचा थरथरतात, पण पाऊल म्हणून उचलत नाही. त्यावर एक युक्ती व्यंकटेशनं घरच्यांना शिकवली होती. आपलं पाऊल त्यांच्या पावलापुढं आडवं ठेवायचं. ओलांडायला काहीतरी दिसलं की त्यांचा पाय उचलतो. मामी तोवर आत देवापाशी जाऊन डोळे मिटून बसली होती. मामा उंबऱ्यावर पुढं झुकलेले, तोंडानं "नको, नको," चाललेलं, आणि पाय जागचे हलत नव्हते.

मी पद्माला म्हटलं, "बस ऑटोत. आतां ते येऊं शकत नाहींत." मला बरं वाटत होतं, हे लपवत नाही. ती दाखल्यासाठी आलेली बाई बसथांब्यावर हात जोडून उभी होती, मामी रिकाम्या रगड्यापाशी बसली होती, आता हे उभे राहू देत, असंच माझ्या मनात होतं.

पद्मा मागं वळली. पायऱ्या चढून गेली. चपला खाली काढल्या, आणि आपलं अनवाणी पाऊल मामांच्या पावलापुढं आडवं ठेवलं. मामांनी खाली पाहिलं. त्यांचा पाय उचलला, तिच्या पावलावरून उंबऱ्याबाहेर पडला, मागून दुसराही आला. तिनं त्यांना ओट्यावरच्या खांबाला धरून उभं केलं. त्यांचा हात तिच्या मनगटावर होता. ते पुन्हा म्हणाले, "नको." तिनं एकेक बोट सोडवलं, अगदी हळू, लहान मुलाच्या मुठीतलं काही काढून घ्यावं तसं, आणि ती खाली उतरून ऑटोत बसली.

मामा त्यानंतर काही वर्षं जगले. पद्मा दर पोंगलला यायची, त्यांच्यासाठी हलवा आणायची, आणि परत जायची. त्यांनी तिला 'जा' असं पुन्हा कधी म्हटलं नाही, सकाळीसुद्धा नाही. मामी मात्र गल्लीत सांगत राहिली, ह्यांनीच पाठवली हो, स्वतः दारापर्यंत सोडायला आले होते. पाहणारे शेजारी होते. त्यांनीही तसंच पाहिलं होतं.

मामांच्या तेराव्याला आम्ही सगळे जमलो होतो. लोक मामांची शिस्त, त्यांचा सौम्यपणा, त्यांचं वैराग्य असं एकेक काढून बोलत होते, आणि मला ते सहन होईना, म्हणून मी ओट्यावर येऊन बसलो. पद्माही आली. मी तिला इतक्या दिवसांचा प्रश्न विचारला. "तूं त्या दिवशीं परत कां गेलीस? तुला अडवायलाच येत होते ते. मी असतों तर तो पाय ठेवला नसता."

ती उंबऱ्याकडे पाहत होती.

"दारांत उभें ऱ्हायचें, बाहेरचें सगळें दिसतें आहे, आणि पाय उचलत नाही. तें कसें असतें तुला ठाऊक नाही, सुंदरण्णा. तूं पुण्याला होतास. मी त्याच घरांत होतें."